तापी गावाला जाते

प्रश्न चार गुणांचा होता आणि उज्ज्वलाबाईंच्या मते जवळजवळ फुकटचा होता. 'तापी नदीची माहिती लिहा : उगम, प्रवाहाची दिशा, मुख.' नववीतली निम्मी पोरं महिन्यातून एकदा तरी तापीचा पूल ओलांडायची आणि सगळीच्या सगळी तापीचं पाणी पिऊन वाढलेली. सुरतेत राहून तापीचे चार गुण मिळत नसतील तर गोदावरी-कृष्णेचं नावच काढायला नको, असं म्हणून बाईंनी हा प्रश्न चाचणीत घातला होता.

किंजल पाटीलने तो तीन ओळींत उरकला होता. 'तापी नदी समुद्रातून निघते. ती सुरतहून आपल्या गावाकडे म्हणजे खान्देशात जाते. सोमवारी मी स्वतः पाहिले.'

बाई आधी हसल्या, मग चिडल्या. आठवड्यापूर्वीच त्यांनी निळ्या खडूने फळ्यावर अख्खी तापी काढली होती. मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून डुमसच्या समुद्रापर्यंत, वाटेत भुसावळ, उकाईचं धरण, सगळं जागच्या जागी. त्या चित्राला वीस मिनिटं लागली होती आणि खडूची भुकटी साडीच्या निऱ्यांपर्यंत पोचली होती. एवढं करून पोरीने नदी उलटी फिरवली? त्यांनी लाल पेनाने शून्य दिलं. चांगलं मोठं, गोल, मन लावून काढलेलं शून्य.

उज्ज्वलाबाई मूळच्या मराठी विषयाच्या. सुरतेच्या लिंबायत भागातल्या या मराठी शाळेत भूगोलाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि नववीचा भूगोल मुकाट्याने बाईंच्या पदरात येऊन पडला. मग त्या स्वतःच शिकल्या. नवऱ्याचा शाळकरी वयातला जुना ॲटलास काढला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, खोरं आणि पाणलोट यांतला फरक भाजी चिरता चिरता पाठ केला. बँकेतून घरी आल्यावर नवरा, प्रकाशराव, म्हणायचे, "आज कोणती नदी?" आणि बाई सांगायच्या, "पेन्नार. मध्ये बोलू नका." आपण स्वतःच्या हिमतीवर भूगोल कमावला, याचा त्यांना थोडा अभिमान होता. अभिमान माणसाला नको तिथे नडतो, तो असा.

पुढच्या सोमवारी पेपर वाटताना त्या म्हणाल्या, "आपल्या वर्गात एक नवा शोध लागलाय, ऐका." नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि यातच आपण मोठी दया केली असं त्यांना वाटलं. उत्तर वाचून झालं आणि वर्गात हशा फुटला. 'सोमवारी मी स्वतः पाहिले' या वाक्याला तर बाकं वाजली.

"बाई, तापी रिव्हर्समध्ये कोणी टाकली?" मागून ललित ओरडला.

खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर किंजलची मान खाली गेली. चाळीस पोरांत एकीचीच मान खाली गेली की नाव कशाला सांगावं लागतं?

"अरे, किंजल! गावाला जायला ट्रेनची तिकीट का काढते तू? नदीत बस ने!"

बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "पुरे आता." पण त्याही हसत होत्या. हे त्यांना नंतर आठवलं, आणि एकदा आठवल्यावर जाईना.

मंगळवारी किंजल आली नाही. बुधवारी आली नाही. मग पंधरा ऑगस्ट आला, गोकुळाष्टमी आली, आणि त्यानंतरही हजेरीत तिच्या नावापुढे फुल्याच पडत राहिल्या. वर्गात तिच्याविषयी कुणी बोललं तर 'रिव्हर्स' असंच म्हणायचं.

दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक धर्मेंद्र सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं.

"ती पाटील मुलगी. बाप येऊन गेला तिचा. शाळा सोडल्याचा दाखला मागत होता. म्हणे घरी साड्यांना खडे लावायचं काम आहे, पोरगी तेच करेल."

"तुम्ही दिलात?"

"महिनाअखेरीस या म्हटलं. पण तोपर्यंत ती आली नाही तर मला द्यावा लागेल, बाई. आणि नववीत नाव गेलं की दहावीचा फॉर्म कुठला? असल्या पोरी परत येत नाहीत. मी एकवीस वर्षं बघतोय."

"कशामुळे सोडते म्हणाला?"

धर्मेंद्र सरांनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती. "शाळेत हसतात म्हणाला."

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई किंजलच्या घरी गेल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. आतून कुठून तरी कापडाच्या लूमचा खडखडाट अखंड चालू होता, आणि इथल्या माणसांना त्याच्या वरच्या पट्टीत बोलायची सवय झालेली. किंजलच्या दारात गुलाबी साड्यांचा गठ्ठा होता. ती मांडीवर काठ पसरून बसली होती, एका हातात गोंदाची नळी, दुसऱ्यात टोकदार काडी. काडीच्या टोकाने खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर टेकवायचा, पुढचा. बाईंना पाहून तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

शेजारी तिची आजी, सरलाबाई, दोन्ही पाय लांब करून भिंतीला टेकली होती.

"या मास्तरीनबाई, बठा," आजी म्हणाली. "पोरीनी आई साड्यास्ना फोल्डिंगना कामले गयी शे. मी शे ना. बोला."

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. बसमध्ये काय काय बोलायचं ते त्यांनी जुळवून ठेवलं होतं, शिक्षणाचं महत्त्व, मुलींनी पुढे जायला हवं वगैरे. ते बाजूला ठेवून त्यांनी सरळ विचारलं.

"किंजल, शाळेत का येत नाहीस गं?"

खडा. पुढचा खडा.

"ती नहीं बोलाव," आजी म्हणाली. "मीच विचारस. तुमनी नदी कोठे जास?"

"आजी, नदी मुलताईहून निघते, तुमच्या गावावरून येते आणि इथे समुद्राला मिळते. ती उलटी कशी जाईल?"

"तुम्ही दखी का?"

"पुस्तकात..."

"पुस्तकमा नहीं. पानीमा दखी का?"

बाईंनी बावीस वर्षं सुरतेत काढली होती. तापी त्यांनी पाहिली होती ती रिक्षातून, पुलाच्या कठड्यामधून, नाकाला रुमाल लावून. काठावर उभं राहून सलग पाच मिनिटं कधी पाहिली होती, हे त्यांना आठवेना.

मग आजीने सांगितलं. त्यांचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या अगदी काठावर. गुडघे गेल्यापासून दहा वर्षांत तिला रेल्वेगाडीत चढता आलेलं नाही, म्हणून गाव नाही. पण श्रावणात घरी खान्देशची कानबाई देवी बसते. रविवारी देवी बसवायची, नैवेद्याचे रोट करायचे, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायची. देवीची फुलं पाण्यात सोडली की ती गावाच्या दिशेने निघतात. दर साल निघतात. आजी त्या फुलांजवळ निरोप देते, कुणाला मुलगा झाला का, विहिरीजवळचा निंब आहे का पडला, असलं सगळं विचारते. किंजल लहानपणापासून आजीचा हात धरून तिथे उभी राहते.

"ती फुलं मी दाखाडी तिले," आजी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "आन तुम्ही चाळीस पोरंस्मा तिले खोटी पाडी."

आत झोपलेला सुकलाल, किंजलचा बाप, बोलण्याने जागा झाला होता. रात्रपाळीचा माणूस, डोळे चोळत दारात आला. "नमस्कार बाई. राग नका मानू. पण हिला तिकडे रिव्हर्स-रिव्हर्स करून छळतात. इथे बसली तर निदान दोन हात चालतात. मी दाखला मागितलाय."

"भाऊ, आठ दिवस थांबा."

"थांबून काय होणार?"

 तेवढ्यात किंजल बोलली. मान वर न करता, साडीच्या काठाशी बोलावं तसं.

"मी चुकले असेन तर दाखवा, बाई. वहीत नको. पाण्यात दाखवा."

"दाखवते," बाई म्हणाल्या. हे तर सोपं होतं. "सगळ्या वर्गासमोर दाखवते. या रविवारी. भाऊ, तिला पटलं तर सोमवारी शाळेत पाठवाल?"

"पाठवतो," म्हणत सुकलालने आईकडे पाहिलं. आजीने बोटांवर काहीतरी मोजलं.

"रविवारले अवस शे," ती म्हणाली. "बारा वाजता या. आधी नको, मागून नको."

बाईंना वाटलं, म्हातारीचा अमावास्येचा स्वयंपाक तोवर आटपत असेल. त्या हो म्हणाल्या.

धर्मेंद्र सर म्हणाले, "नदीवर? चाळीस पोरं? बाई, माझी दोन वर्षं राहिलीयेत, मला नीट निवृत्त होऊ द्या." पण परवानगी दिली, आणि 'वरून तिसऱ्या पायरीच्या खाली कुणीही उतरणार नाही' असं बाईंकडून लेखी घेतलं.

रविवारी सव्वीस पोरं आली. सिटी बसमधून नानपुऱ्यात उतरून सगळी ओवाऱ्यावर गेली. ओवारा म्हणजे इथला घाट, दगडी पायऱ्यांचा, खाली चिखलाचा पट्टा, आणि पुढे मातकट, रुंद, आळसावलेली तापी. पाऊस चार दिवस नव्हता, धरणातून पाणी सोडल्याची बातमी नव्हती. आजी रिक्षातून आली, सुकलालने तिला धरून वरच्या पायरीवर बसवलं. किंजल त्या दोघांच्या मागे उभी राहिली. वर्गाकडे तिने पाहिलं नाही, आणि वर्गानेही पाहिलं न पाहिलंसं केलं.

बाईंनी फळ्यासमोरचा आवाज काढला. "नीट उभे राहा. आता दिशा ठरवू. डोक्यावर सूर्य आला आहे, म्हणून सूर्याचा उपयोग नाही. आपण दक्षिण काठावर उभे आहोत, तोंड नदीकडे. डाव्या हाताला काय?"

"डुमस! समुद्र!"

"उजव्या हाताला?"

"कॉजवे! मग कामरेज! मग गाव!"

"शाब्बास. म्हणजे मी आता ही झेंडूची फुलं टाकते, ती कुठे जातील?"

"डाव्या हाताला!" सव्वीस तोंडं एकदम.

बाईंनी ओंजळभर फुलं लांब भिरकावली. फुलं पाण्यावर पडली, जरा गोल फिरली, विचार केल्यासारखी. आणि निघाली. उजव्या हाताला.

 बाईंनी स्वतःचा डावा हात पाहिला, मग उजवा. पुलाकडे पाहिलं. पूल होता तिथेच होता. फुलं ऐटीत, एकामागे एक, गावच्या दिशेने चालली होती.

"बाई," ललित हळूच म्हणाला, "ए तो उलटी जाय छे."

"वारा आहे," बाई म्हणाल्या. वारा खरंच होता, समुद्राकडूनच येत होता. "फुलं हलकी असतात. वारा त्यांना ढकलतो. पाणी खालून इकडेच जातंय." बोलतानाच त्यांच्या लक्षात आलं की आपण हे पोरांना नाही, स्वतःला सांगतोय.

किंजल पुढे आली. तिने सुकलालच्या पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली घेतली, वरच्या पायरीवरच्या नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरली आणि झाकण घट्ट लावलं. मग तिने ती पाण्यात टाकली. बाटली बुडाली, वर आली, आणि फक्त तिचं निळं झाकण पाण्याबाहेर राहिलं. वाऱ्याला धरायला तिथे काही नव्हतंच. ते झाकणसुद्धा संथपणे उजव्या हाताला निघालं.

सव्वीस जण बाईंकडे बघत होते. हसत कुणी नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं, बाईंना वाटलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. असं कुणाचं झालं की कसं वाटतं, ते बावीस वर्षं शिकवून त्यांना आज पहिल्यांदा नीट कळत होतं.

"पाणी गावाकडे चाललंय," त्या म्हणाल्या. आवाज फळ्यासमोरचा राहिला नव्हता. "किंजलने पाहिलं ते खरं होतं. मी न पाहताच तिला शून्य दिलं. मी चुकले. आणि वर तुम्हाला हसवलं, ते तर जास्तच चुकलं."

आजी पदराने तोंड पुसत होती. ती जिंकल्यासारखी अजिबात दिसत नव्हती.

"पण बाई," ललित म्हणाला, त्याला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं, "मग पुस्तक खोटं का?"

"माहीत नाही."

"बाई असं म्हणतात?"

"आज म्हणते. माहीत नाही."

"आणि बाई, पाणी वर पण येतंय. आलो तेव्हा मी पायऱ्या मोजल्या, वरून खाली नऊ दिसत होत्या. आता सातच आहेत."

बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. ओल्या दगडावरून एक छोटी लाट आठवीवरून सातवीवर येत होती. आणि मग त्यांना ते आठवलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, चांगला आवाज होईल असा.

"भरती! अरे देवा, भरती!"

भरती-ओहोटी त्यांनी शिकवली होती. झकास शिकवली होती, चंद्र म्हणून लिंबू आणि पृथ्वी म्हणून मोसंबं घेऊन. पण तो धडा वेगळा होता आणि नद्यांचा धडा वेगळा. पुस्तकात दोघांची गाठच पडत नव्हती, म्हणून बाईंच्या डोक्यातही पडली नव्हती. इथे तापीत मात्र दोन्ही धडे एकाच पाण्यात होते. समुद्र फुगला की खाडीतून आत शिरतो, नदीला मागे रेटतो, पार वरच्या कॉजवेपर्यंत. तिथे बांध आहे, तिथे तो थांबतो.

हे सगळं त्यांनी पोरांना सांगितलं, हातवारे करून, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना त्या स्वतःच जास्त खूश झाल्या होत्या. मग एकदम थांबून आजीकडे वळल्या.

"आजी, तुम्ही बारा वाजता या म्हणालात. आधी नको, मागून नको. तुम्हाला माहीत होतं."

"त्यामा काय?" आजी म्हणाली. "चाळीस साल व्हयनात सुरतले. पहिला साल मी फुलं सोडी, ती समुद्राकडे गयीत. मी आठेच, ह्या पायरीवर, बसून रडली. मग पानी दखत गयी. अवसले, पुनवले बाराच्या सुमाराले पानी फिरस. मग रोज पाऊण तास पुढे सरकस. कानबाईले कोणती तिथी शे ते दखीसन मी निघानी वेळ ठरावस."

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. पाऊण तास. हे त्यांच्या पुस्तकात आकड्यांत होतं, पण कुणी असं निघायच्या वेळेसाठी वापरलं होतं का, कोण जाणे.

"मग ती फुलं तिकडे जाऊन परत येतात, हेही माहीत असेल."

यावर किंजलने चमकून आजीकडे पाहिलं. "परत येतात?"

आजी जरा अवघडली. "आपलामा फुलं सोडी की मागे वळीसन दखतस नहीं ना. म्हणून तुले नहीं दखाडं. मी दखं एक साल. चोरीसन." मग तिने हात झटकला. "येवोत की परत. लेक माहेरले गयी ते काय तठेच ऱ्हास का? भेटस, दोन गोष्टी करस, परत येस."

 किंजल पायरीवर बसली, तिसऱ्या, नियमातल्या शेवटच्या. "मला बघायचंय," ती म्हणाली. "फिरताना."

मग कुणीच घरी जायचं नाव काढेना. पोरांनी डबे उघडले. सुकलाल जाऊन खमणाचे पुडे घेऊन आला, आणि रात्रपाळी करून आलेला तो माणूस दोन मिनिटांत भिंतीला टेकून घोरायला लागला. ललितने पायऱ्यांची राखण घेतली आणि दर थोड्या वेळाने आरोळी ठोकू लागला, "सहावी गेली!", "पाचवी अर्धी!" बाईंनी पोरांना वही काढायला लावली आणि वेळ लिहायला सांगितली. स्वतःही लिहिली, हातावर जागा उरली नव्हती म्हणून रुमालावर.

पावणेतीनच्या सुमाराला चौथ्या पायरीवर पाणी आलं आणि तिथेच राहिलं. बाईंनी शेवटची फुलं टाकली. ती कुठेच गेली नाहीत. पाण्यावर जागच्या जागी बसली, जशी कुणी टेबलावर ठेवावी. कुठे तरी पुलावर बस गेली, तिचा आवाजसुद्धा मोठा वाटला. किंजल इतकी पुढे वाकली होती की बाईंनी मागून तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं.

मग एक फूल हललं. अगदी बोटभर. डाव्या हाताला. त्याच्यामागे दुसरं.

"फिरली!" किंजल ओरडली. वर्गात तिचा एवढा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. "बाई, फिरली!"

सुकलाल दचकून जागा झाला आणि सव्वीस पोरं पायऱ्यांवर नाचायला लागली, जशी काय त्यांनीच ढकलून नदी फिरवली.

परतताना बसथांब्यावर बाईंनी किंजलचा पेपर पर्समधून काढला. लाल शून्य अजून तितकंच गोल होतं. "बोल, किती देऊ?"

किंजलने विचार केला. "उगम चुकला. समुद्रातून निघत नाही ती. मुख पण चुकलं. दिशेचे द्या फक्त."

"दिशेचे दोन."

"बाई, हे काय!" ललित मध्ये पडला. "मला दिशेला एकच दिलाय! मी बरोबर लिहिलंय, पश्चिम!"

"तू एकच दिशा लिहिलीस, बाळा."

किंजल हसली. मग तिचं हसू मावळलं. "पण बाई, उद्या नाही येता यायचं. गठ्ठा उद्या सकाळी द्यायचाय, तीस साड्या राहिल्यात. आज दिवस इथेच गेला. आजीला आता खडा दिसत नाही, आई सातला येते."

सुकलाल रस्त्याकडे बघत राहिला. तो शब्दाचा सच्चा माणूस होता, पाठवतो म्हणाला होता. पण तीस साड्या म्हणजे तीस साड्या. उद्याचा दिवस हुकला की परवा नवा गठ्ठा येणार, तेरवा आणखी एक. महिना संपायला सात दिवस होते.  भूगोलात यावर काही नव्हतं.

"कोणता माल आहे?" ललितने विचारलं.

"गुलाबी जॉर्जेट. दोन्ही काठ."

"खड्यांच्या दोन लाइन का तीन?"

"दोन."

"मग त्यात काय! आमच्याकडे तीन लाइनचा असतो. मी एकटा पाच करतो." त्याने बसथांब्यावर मागे वळून हाक दिली. "ए, कोणाकोणाला येतं खडा लावायला?"

बाईंना वाटलं चार-पाच हात वर होतील. सगळेच झाले. कुणी विचारण्यासारखी गोष्टच नव्हती ती. या पोरांच्या घरोघरी हेच काम चालायचं, आणि बाईंना आजवर त्यांच्या बोटांवरचा वाळलेला गोंद दिसला होता तो फक्त वहीला डाग पडला म्हणून रागावताना.

साडेचारला गल्लीत सतरंज्या पडल्या. ज्यांना घरी जायलाच हवं होतं ते गेले, सतरा राहिले. शेजारणी दारात उभ्या राहून विचारत होत्या, आज काय, लग्न आहे का? सरलाबाई मधोमध बसून हुकूम सोडत होती, "काठ ताण, काठ ताण! गोंद इतला नको, खाले उतरस!" ललितने खरंच पाच केल्या, आणि दर साडीला एकदा सांगितलंही. लूमचा खडखडाट चालू होता आणि त्याच्या वर पोरं ओरडून एकमेकांना विचारत होती, अवसेला बारा तर अष्टमीला किती, दशमीला किती. कुणीतरी चुकीचं सांगितलं की किंजल काठावरून नजर न हलवता दुरुस्त करायची. तिला 'रिव्हर्स' कुणी म्हटलं नाही. एकाने म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ललितने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने खोकल्यावर भागवलं.

उज्ज्वलाबाईंनाही एक साडी मिळाली. पहिले दहा खडे त्यांनी मोठ्या नेटाने लावले आणि मान मागे नेऊन कौतुकाने पाहिलं. किंजल सरकत त्यांच्याजवळ आली.

"बाई, पाठीवर लावलेत. चमकायची बाजू खाली गेलीय."

"सगळे?"

"सगळे." तिने काडी घेतली आणि एकेक खडा उचलून सुलटा करायला लागली, गोंद वाळायच्या आत, भराभर. हसली नाही. "पहिल्यांदा होतं असं. बघा, इथून धरायचा."

बाईंनी बघितलं. पुढचे चार जमले. पाचवा त्यांच्या अंगठ्याला चिकटला.

सातला किंजलची आई कामावरून आली आणि दारात थबकली. शेवटच्या साडीची घडी पडत होती. पोरं हात धुवायला नळावर गर्दी करून होती आणि परवाच्या गठ्ठ्यालाही येतो म्हणून सुकलालला सांगत होती. बाई पर्स उचलून निघाल्या तर किंजल भूगोलाचं पुस्तक हातात घेऊन त्यांच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

"बाई, यात उगम मुलताई लिहिलाय. तुम्ही पाहिलंय मुलताई?"

"नाही गं."

"मग?"

"मग काय. तोवर पुस्तकावर विश्वास ठेवू."

"तोवर म्हणजे किती?"

"तू जाऊन बघून येशील तोवर."

किंजलने यावर मान हलवली, एखादी साधी गोष्ट ठरली की हलवतात तशी. रिक्षा थांबली. बाई आत बसल्या, साडीला अंगठ्याचा गोंद लागू नये म्हणून हात बाहेर धरून.

"उद्या कोणता धडा, बाई?"

"हवामान."

"मग नवी वही लागेल," किंजल म्हणाली, आणि बापाला हाक मारत गल्लीत पळाली. दुकान आठला बंद व्हायचं.